कूलिंग गादी घेताय? आधी छताकडं आणि बेडखाली बघा की

‘नमस्कार ताई. मी कोल्हापुरात कळंब्याला राहते, वय ४८, शाळेत शिकवते. आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. दोन वर्षांपूर्वी हौसेनं ८ इंची मेमरी फोमची गादी घेतली, ६ बाय सव्वासहाच्या बॉक्स बेडवर टाकलीय. मार्च लागला की रात्री दोन-अडीचला जाग येते, पाठ ओलीचिंब, उशी ओली, आणि शेजारी मिस्टर वाकळ पांघरून घोरत असतात. पंखा पाचवर केला की त्यांना सर्दी होते. मुलगा पुण्यात असतो, तो रोज ‘कूलिंग जेल’ मॅट्रेसच्या लिंका पाठवतो, सेल रविवारी संपतोय म्हणे. सासूबाई म्हणतात, ते फोम-बिम टाकून दे आणि माळ्यावरची कापसाची गादी पिंजून आण. बजेट २५ हजारापर्यंत आहे. कूलिंग मॅट्रेस घेऊ का? – घामाघूम, कळंबा’

घामाघूम ताई,

तो सेल रविवारी संपला तर संपू दे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नावानं परत लागतोय, गाद्यांचा सेल कधी बंद असलेला मी तरी बघितला नाही. मुलाला सांगा थांब जरा, आई विचार करतीय.

थेट उत्तर पाहिजे असेल तर जेलवाला मेमरी फोम घेऊ नका. आणि दुसरं, जे मुलाला पण पटणार नाही आणि दुकानदाराला तर अजिबात पटणार नाही, तुम्ही डबल गादी घेऊच नका. अर्ध्या बेडची घ्या, निस्ती तुमच्या बाजूची. का ते सांगते, पण आधी तुमच्या पाठीखाली नेमकं काय चाललंय ते बघू.

झोपलेलं माणूस साधारण ७०-७५ वॅट उष्णता बाहेर टाकत असतंय, म्हणजे पूर्वीचा पिवळा बल्ब रात्रभर चालू ठेवल्यासारखं, आणि तुम्ही दोघं म्हणजे दोन बल्ब. झोप लागायच्या वेळी अंगाच्या आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं, त्यासाठी शरीर रक्त कातडीकडं ढकलतं आणि तिथनं उष्णता बाहेर सोडतं, म्हणूनच झोपेत आपण आपसूक पांघरुणातनं पाय बाहेर काढतो. वरच्या बाजूला पंखा आहे, तिकडनं ठीक चालतं. पाठीकडच्या बाजूनं जायचं कुठं? मेमरी फोम अंगाच्या उष्णतेनं मऊ होतो, तोच त्याचा गुण आहे, मऊ झाला की तुम्ही त्यात रुतता, मग पाठ, कंबर, मांड्या सगळीकडं तो चिकटून बसतो आणि मधनं हवा जायला फट राहत नाही. वजन जास्त तेवढं रुतणं जास्त. उन्हाळ्यात हीच गादी जास्त मऊ लागते आणि जानेवारीत कडक लागते, हे तुमच्या लक्षात आलं असेलच, त्याचं कारण पण हेच. हा फोम मुळात १९६६ च्या सुमाराला नासासाठी विमानाच्या सीटांकरता शोधला गेलेला, बसणाऱ्याला हादरा कमी लागावा म्हणून. कळंब्यात स्लॅबखाली एप्रिलच्या रात्री झोपायचा विचार त्यात कुणी केलेला नव्हता.

आता जेल. त्या फोममध्ये निळे-हिरवे जेलचे कण मिसळतात. ते खोटं नसतंय, जेल थोडी उष्णता खरंच शोषून घेतं, पण शोषून ठेवणार कुठं? त्याची पोटं भरली की संपलं. पहिली वीस-तीस मिनिटं ‘अहाहा’ होतं आणि मग तो साधा मेमरी फोमच, तुमची जाग तर दोन-अडीचला येते. म्हणजे ज्या वेळी गरज आहे त्या वेळी जेल कधीच थकून बसलेलं असणार.

त्याच्या वरची पायरी म्हणून अजून एक प्रकार विकतात, कापडात किंवा फोममध्ये मेणासारख्या पदार्थाचे बारीक कण असतात, ठराविक तापमानाला ते वितळतात आणि वितळताना उष्णता ओढून घेतात. कल्पना चांगली आहे, एसीच्या खोलीत बऱ्यापैकी चालते पण. पण हे वितळणं बऱ्याचदा २८-३० अंशाच्या आसपास होतं आणि तुमच्या बेडरूममध्ये रात्री दहालाच ३१-३२ असेल तर तुम्ही आडवं व्हायच्या आधीच ते मेण वितळून मोकळं झालेलं असतंय. मग काय ओढणार ते.

आणि हो, दुकानात हात लावून फसू नका. राजारामपुरीतल्या एखाद्या एसी शोरूममध्ये गेलात तर तिथं २४ अंशाला गादी दिवसभर पडून आहे, ती गार लागणारच हो, लागली नाही तरच नवल. वर ते गुळगुळीत कापड असतं, हात ठेवला की गारगार, ते हातातली उष्णता पटकन पसरवतं म्हणून तसं वाटतं. तीच गादी तुमच्या खोलीत आणली की तुमच्या खोलीएवढीच तापते. गादीला ना वायर, ना मोटर, ती गार करणार कशानं? खरोखर गार करणारा प्रकार म्हणजे मशिनवर चालणारा, उदाहरणार्थ पाणी फिरवणारं पॅड, गादीवर पसरायचं आणि बाजूला मशिन ठेवायचं. महाग असतंय, आवाज असतोय, आणि बिघडलं तर आपल्याकडं दुरुस्त कोण करणार, सोडून द्या.

मग करायचं काय. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘गच्ची’ आहे, गादी नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारा-एकपर्यंत आणि कधी त्याच्यापुढं पण खाली उष्णता टाकत राहतो, पंखा तीच छताजवळची गरम हवा तुमच्या अंगावर ढकलतो, त्यामुळं पंखा पाचवर केला काय आणि तीनवर केला काय. गच्चीला पांढरा रंग मारून घ्या. कूल रूफ म्हणून तयार पेंट मिळतात, ते परवडत नसेल तर चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात मारतात तेही चालतं, फक्त पावसाळ्यात बरंच धुऊन जातं त्यामुळं दर फेब्रुवारी-मार्चला परत मारावं लागतं. चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवून, करून घेतलं तर कायमचं काम, पण त्याला खर्च आहे. गच्ची सोसायटीची असणार, कमिटीला विचारून करा, नाहीतर गादी राहील बाजूला आणि भांडण सुरू होईल. नुसतं बेडरूमवर हिरवं शेडनेट बांधलं तरी फरक पडतो, फक्त ते स्लॅबला टेकवू नका, चार-पाच फूट वर बांधा म्हणजे खालनं वारा जाईल. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची जुनी पद्धत आहे, मारा, पण आधी वॉटरप्रूफिंग कसंय ते बघा. छतावर ओल धरली तर उकाडा परवडला म्हणायची वेळ येईल.

आपल्या कोल्हापूरचं एक बरं आहे, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास वर आहोत आणि घाट जवळ. एप्रिलमध्ये दुपारी ३७-३८ झालं तरी पहाटे बाहेर २२-२४ पर्यंत उतरतं. म्हणजे रात्री उशिरा तुमच्या भिंतीबाहेर फुकटचा गारवा उभा आहे आणि आत तुम्ही ३१ मध्ये घामाघूम. तो आत घ्या की. टेबल फॅन खिडकीत ठेवा, तोंड खोलीकडं, बाहेरची हवा आत खेचणारा, आणि समोरचं दार नाहीतर दुसरी खिडकी उघडी ठेवा म्हणजे गरम हवेला जायला वाट मिळेल. हे रात्री साडेनऊ-दहानंतर करायचं, संध्याकाळी सहाला बाहेरची हवा पण तापलेलीच असते. डासांचं मला माहीत आहे, खिडकीला जाळी बसवा. मच्छरदाणीनं वारा बराच अडतो, पण जाळी होईपर्यंत तीच वापरावी लागेल, डेंग्यूपेक्षा बरी. कूलर मार्चमध्ये कोरड्या हवेत चांगला चालतो, वळीव पडायला लागले की हवेत दमटपणा येतो आणि मग तो कूलर निस्ता ओलसर वारा फेकतो, अंग अजून चिकचिकतं. एसी घ्यायचा विचार असेल तर तो वेगळा विषय, पण आहेच घरात तर २६ ला ठेवून वर पंखा एकवर लावा. वीज वाचवणारं सरकारी खातं सांगतं की एसीचा एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते.

आता बेडखाली. बॉक्स बेड म्हणजे खाली प्लायवूड, त्याच्या खाली कप्प्यात माहेरच्या गोधड्या, लग्नातल्या पितळी भांड्यांचे खोके, पाहुण्यांच्या ब्लँकेटा, सगळं गच्च. गादीच्या पोटाला हवाच नाही. घामाची वाफ खाली जाते, प्लायपाशी अडकते, आणि आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत जी ओल असते त्यात तिथं बुरशी धरते. एकदा गादी उचलून बघा, काळे ठिपके दिसले तर दचकू नका, बऱ्याच घरात असतात, पण साफ करा आणि गादी सावलीत वाळू दे. सुताराला बोलवून त्या प्लायला एक-एक इंचाची भोकं मारून घ्या, साधारण वीतभर अंतरानं, तासाभराचं काम आहे. कप्प्यातलं निम्मं सामान काढलंत तर अजून चांगलं, ते काढायला घरातलं कोण तयार होणार नाही ते सोडा.

आणि सकाळी उठल्या उठल्या बेड झटकून, चादर ताणून, वर बेडकव्हर घालून शाळेला पळू नका. अर्धा तास तरी गादी उघडी राहू दे, रात्रीची वाफ उडून जाऊ दे.

पुढचा प्रश्न जरा लाजवणारा आहे, पण विचारते. गादीचं प्लॅस्टिक काढलंय ना? हसू नका, कित्येक घरात मी बघितलंय, दोन-दोन वर्षं झाली तरी कंपनीचं प्लॅस्टिक तसंच, वर चादर, ‘गादी नवी राहते’ म्हणून. तुम्ही काढलं असेल तर मग प्रोटेक्टर कुठला आहे ते बघा. उलटा करून आतली बाजू चोळा, रेक्झिनसारखी चकचकीत लागली आणि कुरकुर आवाज आला तर निम्मा घाम त्याच्यामुळंच. घाम जिरायला जागाच नाही, मग तो पाठीवर साचतो. तुमच्या घरात आता कोण अंथरूण ओलं करणारं नाही, साधा सुती क्विल्टेड प्रोटेक्टर घाला, धुता येतो, वाळतो, झालं.

चादरीवर जरा जास्त बोलते कारण इथं पैसे कमी लागतात आणि फरक लगेच कळतो. ऑनलाइन ‘ग्लेस कॉटन’ म्हणून ज्या फुलाफुलांच्या चकचकीत चादरी दोनशे-तीनशेला मिळतात त्यांच्या नावात कॉटन असलं तरी बऱ्याचदा त्या पॉलिएस्टरच्याच असतात. कडेचा एक धागा काढून सिंकजवळ जपून पेटवा, कागद जळल्याचा वास आला आणि राख भुरभुरली तर कापूस, वितळून टोकाला काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. दुसरं म्हणजे थ्रेड काउंटचा आकडा. हजार थ्रेड काउंट म्हणजे भारी असं काही नाही, आकडा वाढवायला दोन-तीन पदरी धागे मोजतात आणि कापड उलट दाट होतं. उकाड्याला २०० ते ३०० च्या आसपासची साधी विण बरी, सॅटिनसारखी चमकदार विण नको, ती अंगाला चिकटते. आणि इचलकरंजी तासाच्या अंतरावर असताना आपण बाहेरच्या शहरातनं चादरी मागवतो याचं मला नेहमी नवल वाटतं. सुती पॉपलिन नाहीतर केंब्रिक मोठ्या पन्न्याचं मीटरवर घ्या आणि शेजारच्या टेलरकडनं कडा मारून घ्या, दोन धुण्यात मऊ पडतं. सोलापुरी चादर अंथरायला चांगली पण जाड असते, ती थंडीसाठी ठेवा.

उशीचं विसरू नका, तुम्ही स्वतःच लिहिलंय उशी ओली होते म्हणून. गादीबरोबर मेमरी फोमची उशी फुकट मिळाली असणार आणि तुम्ही तीच वापरत असणार, खरंय ना? ती मिस्टरांना द्या. तुम्ही कापसाची घ्या, नाहीतर शेवरीची मिळाली तर उत्तम. डोक्याचा घाम त्यात जिरतो आणि सकाळी उन्हात टाकली की परत कोरडी.

आता सासूबाईंचं. त्या निम्म्या बरोबर आहेत. कापसाच्या गादीतनं हवा जाते, घाम जिरतो, उन्हात टाकली की वाळते आणि फुलते, उकाड्याला तिला तोड नाही. पण दोन-तीन वर्षांत कापूस दबतो, गोळे होतात, कमरेपाशी खड्डा पडतो, आणि ४८ व्या वर्षी रोज निस्त्या कापसावर झोपून कंबर काय म्हणेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून ती गादी टाकायची पण नाही आणि तशीच वापरायची पण नाही. कुठल्याही गादी कारखान्यात घेऊन जा, कापूस पिंजून घ्या आणि त्यातनं ३ फूट रुंदीची, दोन इंचाची पातळ गादी भरून टाके घालून घ्या, खोळ सुतीच सांगा. उरलेल्या कापसात उशा होतात. ही पातळ गादी आत्ता तुमच्या मेमरी फोमवर तुमच्या बाजूला टाका आणि दोन-तीन आठवडे झोपून बघा. मिस्टरांची बाजू दोन इंच खाली राहील, राहू दे तेवढे दिवस. पाठ आणि फोम यांच्यामध्ये कापूस आला, रुतणं कमी झालं, एवढ्यानंच पुष्कळ जणांचं काम होतं आणि २५ हजार बँकेत राहतात.

नाहीच भागलं तर मग खरेदी. तुम्हाला उकडतं आणि मिस्टरांना थंडी वाजते, दोघांना एकच गादी पुरणार नाही, कुठलीही आणा, एकजण रोज कुरकुरणार. म्हणून अर्ध्या बेडचं म्हणाले. तुमची ८ इंची गादी पूर्ण फोमची असेल, आत स्प्रिंग नसतील, तर फोमवाला ती मधोमध कापून देतो, ३-३ फुटाचे दोन भाग, आणि नवीन खोळ शिवून देतो. वॉरंटी जाईल, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर मला पत्र नको. एक भाग मिस्टरांना, त्यांना तो ऊबदारच पाहिजे आहे. दुसरा पुण्याला मुलाला पाठवा नाहीतर दिवाणावर टाका. आणि तुमच्या बाजूला ३ बाय सव्वासहाची सिंगल गादी नवी घ्या. सगळे पैसे एका सिंगलवर लावले की २५ हजारात चांगला लॅटेक्स बसतो, डबलमध्ये तेवढ्या पैशात तडजोड करावी लागली असती.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या चिकाचा फोम, त्यात वरपासून खालपर्यंत आरपार बारीक भोकं असतात त्यामुळं हवा खेळते, आणि तो उष्णतेनं मऊ पडत नाही, दाबला की लगेच वर ढकलतो, म्हणजे तुम्ही त्याच्यावर झोपता, त्याच्यात नाही. ६ इंच घ्या, वर ती कापसाची दोन इंची टाकली की मिस्टरांच्या ८ इंचाशी लेव्हल जवळजवळ जुळते, मधे पायरी राहत नाही. विचारायचं एवढंच की नैसर्गिक लॅटेक्स किती टक्के आणि पूर्ण ६ इंच लॅटेक्स आहे की खाली साधा फोम आणि वर दोन इंचाचा थर. खोळीची चेन उघडून दाखवा म्हणा, दाखवत नसेल तर दुसरं दुकान. रबराची ॲलर्जी असेल, हातमोजे घातले की खाज येत असेल, तर लॅटेक्स नको. आणि ही गादी कापसासारखी उन्हात टाकायची नाही हं, उन्हानं लॅटेक्स पिवळा पडतो आणि भुगा होतो, सावलीत वाऱ्याला उभी करायची. घरात कामाला मावशी येत असतील तर त्यांना पण सांगून ठेवा.

लॅटेक्स जड जातोय, किंवा पैसे अजून कमी घालायचे आहेत, तर पॉकेट स्प्रिंग बघा. आत सगळी पोकळी असते, हवा छान फिरते. पण वरच्या थरात काय आहे ते विचारा, दोन-तीन इंच मेमरी फोम घातला असेल तर खालच्या स्प्रिंगांचा उपयोग शून्य, आणि ती वर उशीसारखी फुगीर शिवण असते ना, दिसायला हॉटेलसारखी, ती पण नको. नारळाच्या काथ्याची गादी स्वस्तातली आणि हवेशीर असते, कडक झोपायची सवय असेल तर खुशाल घ्या, चार-पाच वर्षांत दबते एवढं धरून चाला.

मधल्या फटीचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. वर दोघांच्या वेगळ्या चादरी घाला, वेगळी पांघरुणं घ्या, त्यांची वाकळ त्यांना लखलाभ. टेबल फॅनचं तोंड तुमच्या बाजूला राहू दे, त्यांच्या नाकावर नको, म्हणजे सर्दीचा विषय मिटला.

आता एक गोष्ट गादीची नाही, पण तुमचं वय ४८ लिहिलंय म्हणून. पाळी जायच्या काळात रात्री एकदम छातीपासून डोक्यापर्यंत आग उठते, काही मिनिटं राहते, घाम फुटतो आणि मग थंडी वाजते, हे बऱ्याच बायकांना होतं आणि त्याला कुठलीही गादी उत्तर नाही. थंडीच्या दिवसात, डिसेंबरमध्ये पण असंच होत असेल तर स्त्रीरोग डॉक्टरांकडं जा, त्यावर उपाय असतात, सोसत बसायचं कारण नाही. थायरॉईड बघून घ्या. शुगरची औषधं किंवा इन्शुलिन चालू असेल तर रात्री साखर उतरून पण दरदरून घाम येतो, काही मानसिक आजाराच्या गोळ्यांनी पण येतो. घामासोबत संध्याकाळचा बारीक ताप, खोकला, वजन उतरणं असं काही असेल तर मात्र लगेच, त्याच आठवड्यात दाखवा, टीबीची तपासणी करून घ्यावी लागते, आपल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात पण होते. पत्रात तसं काही नाही, तरी सांगून ठेवते.

बाकी बारीकसारीक. रात्री साडेदहाला तांबडा रस्सा ओरपून अकराला आडवं व्हायचं आणि मग गादीला नावं ठेवायची, असं रविवारी तरी होत असेलच. जेवण दोन-अडीच तास आधी उरकता आलं तर बघा. झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्यानं अंघोळ करा, गार नाही, कोमट. कातडीकडं रक्त येतं आणि मग आतली उष्णता लवकर बाहेर पडते.

राहता राहिला मुलगा आणि त्याच्या लिंका. ऑनलाइन घ्यायचीच असेल तर माझी हरकत नाही, बऱ्याच कंपन्या १०० दिवसांची ट्रायल देतात आणि त्यात खरा फायदा आहे, पण ती ट्रायल कधी चालू होते ते बघा. पावसाळ्यातल्या सेलमध्ये गादी घेतली तर कुठलीही गार लागणार, दिवाळीपर्यंत ट्रायल संपणार आणि मार्चमध्ये कळणार की फसलो. मार्च-एप्रिलमध्ये घ्या म्हणजे परीक्षा खऱ्या उन्हाळ्यात होते. परत द्यायची झाली तर कोल्हापुरातनं उचलायला येतात का, तुमचा पिनकोड घालून आधी विचारा, कारण ती गुंडाळी करून आलेली गादी एकदा फुगली की परत डब्यात जात नाही. वॉरंटी दहा वर्षांची लिहिली असली तरी ती बहुतेक करून खड्डा पडण्यावर असते, तीही ठराविक इंचापेक्षा खोल असेल तर, उकडण्यावर नसते. डाग पडला तरी नाकारतात, म्हणून तो सुती प्रोटेक्टर पहिल्या दिवसापासून.

आणि ऑर्डर द्यायच्या आधी बेड आतनं मोजा, कडेच्या फळीपासून कडेच्या फळीपर्यंत, दोन ठिकाणी मोजा. आपल्याकडं सुतारानं केलेला ६ बाय सव्वासहाचा बेड डोक्याकडं ७२ इंच आणि पायाकडं साडेएकाहत्तर निघतो, मग ३६ इंचाच्या दोन गाद्या त्यात बसत नाहीत. तसं निघालं तर फोमवाल्याला मिस्टरांची बाजू साडेपस्तीसची कापायला सांगा, तुमची ३६ ची राहू दे.